तिचा फोटो, तुझे तीस हजार

ताई,

मी २६ वर्षांचा. मूळचा बार्शीचा, बीसीएस करायला पुण्यात आलो आणि इथलाच झालो. दोन वर्षं झाली, कोरेगाव पार्क आणि मुंढव्याच्या पबांमध्ये फोटो काढतो. बुधवार, शुक्रवार, शनिवार. रात्रीचे अडीच हजार मिळतात, म्हणजे मिळायला हवेत. शनिवारच्या क्लबने बारा आठवड्यांचे पैसे दिलेले नाहीत.

गेल्या महिन्यात तिथेच एका मुलीचा फोटो काढला. डोळे मिटून नाचत होती, हात वर, मागे दिव्यांच्या रेषा ओढल्या गेलेल्या. दोन वर्षांत इतका चांगला फोटो मला मिळाला नव्हता. रविवारी दुपारी क्लबने तो इन्स्टाग्रामवर टाकला. सोमवारी तिचा मेसेज आला, 'दादा प्लीज तो फोटो काढायला सांगा, घरी कळलं तर माझं अवघड होईल.' मी क्लबचं पेज सांभाळणाऱ्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, गेटवर बोर्ड लावलाय, आत आली म्हणजे परवानगी दिली. आणि लाइक बघ किती पडलेत. मी गप्प बसलो, कारण पैसे अडकलेत. फोटो अजून तिथेच आहे. तिला मी काहीच उत्तर दिलेलं नाही.

घरी 'इव्हेंटचं काम' एवढंच सांगितलंय. आईला वाटतं मी लग्नाचे फोटो काढतो. कधी कधी वाटतं, खरंच तेच करावं. वेडिंगमध्ये जाऊ का?

– रात्रपाळी, पुणे

•

रात्रपाळी,

प्रश्न तू शेवटच्या ओळीत विचारलास, पण पत्र लिहायला बसलास ते मधल्या परिच्छेदासाठी. म्हणून तिथूनच सुरू करते. वेडिंगचं नंतर बघू.

आधी त्या मुलीला उत्तर दे. महिना होत आला. तिला एवढंच दिसतंय की फोटो काढणाऱ्याने मेसेज वाचला आणि पुढे काही झालं नाही. लांबलचक माफी नको. 'मी तेव्हा क्लबला सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. तुम्हाला कळवायला हवं होतं, कळवलं नाही, चुकलं. आज मालकांना लेखी कळवतोय. माझ्याकडून तो फोटो आता कुठेही टाकलेला नाही.' बास. पण हे शेवटचं वाक्य आधी खरं कर, मग पाठव. तुझ्या स्वतःच्या पेजवर तो फोटो आहे की नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. दोन वर्षांतला सगळ्यात चांगला फोटो म्हणतोस, म्हणजे असणारच असं मी धरून चालते. आजच काढ. हायलाइटमधून काढ, आणि नव्या क्लबांना काम मागताना जी पीडीएफ पाठवतोस तिच्यातूनही. शिवाय तिला हेही सांग की त्या पोस्टची तक्रार ती स्वतः इन्स्टाग्रामकडे करू शकते. ज्याचा चेहरा आहे त्याने केलेल्या तक्रारीला तुझ्यामाझ्या तक्रारीपेक्षा वजन असतं.

मग क्लब. पेज सांभाळणारा पोरगा तुझ्याच वयाचा असणार, त्याला महिन्याच्या शेवटी आकडे दाखवायचे असतात. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मॅनेजरला लिही, आणि मालकाचा नंबर असेल तर त्यालाही. फोनवर बोलू नकोस, लिहून पाठव, म्हणजे तारखेसकट राहतं. सूर तक्रारीचा नको. 'या फोटोतल्या पाहुण्यांनी फोटो पेजवरून काढून टाकण्याची विनंती केली आहे, कृपया आज काढून टाकावा, बदली फोटो सोबत जोडत आहे.' बदली फोटो खरोखर जोड. पेज चालवणाऱ्याला रिकामी जागा नको असते, तेवढी भरून दिलीस की निम्मी अडचण मिटते. माझा अनुभव असा आहे की क्लबवाले वाईट म्हणून ऐकत नाहीत असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा कंटाळा असतो.

तरी नाहीच ऐकलं तर एक साधा प्रश्न विचार: त्या फोटोत तिच्या किंवा मागच्या कुणाच्या हातात ग्लास आहे का, आणि त्यांची वयं तुम्हाला माहीत आहेत का? महाराष्ट्रात बिअरला २१ पूर्ण लागतात आणि कडक दारूला २५. पुण्याच्या पबात शनिवारी रात्री पंचविशीच्या आतले किती असतात, हे तू रोज बघतोस. पबातून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीचा कल्याणीनगरचा मे २०२४ चा अपघात झाल्यापासून या शहरातला प्रत्येक मॅनेजर 'एक्साइज', म्हणजे दारूवर नजर ठेवणारं सरकारी खातं, हा शब्द ऐकला की सावरून बसतो. ही धमकी म्हणून वापरू नकोस. काळजी म्हणून विचार. तेवढं पुरतं.

राहिला तो बोर्ड. रात्री साडेदहाला गेटवरच्या रांगेत, बाउन्सर आधार कार्ड बघत असताना, कोपऱ्यातला बोर्ड कोण वाचतं? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि समजून-उमजून दिलेली हवी, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतायत, मी वकील नाही, आणि तू मॅनेजरला कलमं ऐकवावीस असंही मला वाटत नाही. पण 'बोर्ड लावलाय' म्हटल्यावर विषय संपला असं तुला वाटलं, तसा तो संपत नाही.

आता तुला न आवडणारी गोष्ट. तो फोटो बहुधा तुझा नाहीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात असं आहे की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला ठरवून फोटो काढला, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे क्लब. लग्नातही हेच. आपल्या धंद्यातल्या दहातल्या नऊ जणांना वाटतं की बटण मी दाबलं म्हणजे फोटो माझा. 'वेगळा करार नसल्यास' हे तीन शब्द मात्र तुझ्या कामाचे आहेत. करार म्हणजे स्टॅम्प पेपरच लागतो असं नाही. काम घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठव आणि समोरून 'ओके' घे: फोटोंचे हक्क माझ्याकडे, क्लबला त्यांच्या पेजवर वापरायची मुभा, फोटोतल्या व्यक्तीने सांगितलं तर २४ तासांत काढायचा, पैसे किती आणि कधी. त्या तिसऱ्या ओळीवर आजवर कुणी माझ्याशी वाद घातलेला नाही. लिहिलेलंच नसतं, म्हणून भांडण होतं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी फारशी सांगत नाही.

कोल्हापुरात माझा छोटा स्टुडिओ होता. १९९४ च्या थर्टी फर्स्टला एका हॉटेलातल्या पार्टीचं काम मिळालं. बँड, बुफे, बाराला फुगे. तेव्हा रोल असायचा, ३६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमचा हिशेब. एका टेबलाजवळ एक मुलगी मान मागे टाकून हसत होती, केसात कागदी झिरमिळी अडकलेली, बिनबाह्यांचा ड्रेस. मी एकच फ्रेम काढली. ती आली मात्र अशी, की मी तिचं बारा बाय पंधराचं एन्लार्जमेंट केलं, फ्रेम केली आणि स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावली. तेव्हा शोकेस हेच आमचं इन्स्टाग्राम. येणारेजाणारे थांबायचे, बघायचे.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी काचेबाहेर बराच वेळ उभी होती. सलवार-कमीज, तेल लावून घातलेली वेणी, छातीशी वह्या. मी ओळखलंही नाही. आत आली आणि म्हणाली, 'त्या फोटोची किंमत काय?' मी खूश. फ्रेमसकट १८० रुपये म्हणाले. तिने पर्समधून दहा-दहाच्या नोटा काढल्या आणि दोनदा मोजल्या. मी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मग तिने विचारलं, 'निगेटिव्ह मिळेल का?' आणि मी, स्टुडिओचा नियम ना, म्हणाले, 'निगेटिव्ह आम्ही देत नसतो.' ती काही बोलली नाही. गेली.

तिला तो फोटो भिंतीवर लावायचा नव्हता, फक्त काचेतून काढायचा होता, हे माझ्या डोक्यात त्या रात्री दुकान बंद करताना आलं, रिकाम्या शोकेसकडे बघताना. नाव-पत्ता काही घेतलेलं नव्हतं. ते निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे.

म्हणून तू 'पैसे अडकलेत म्हणून गप्प बसलो' असं लिहिलंस तेव्हा मला तुझा राग आला नाही. मी तर १८० रुपये घेतले होते. पण ही दोन कामं एकमेकांत गुंतवू नकोस. फोटोचा मेसेज आज. पैशाचा मेसेज उद्या, वेगळा. एकाच मेसेजात दोन्ही घातलेस की क्लबला वाटेल तू फोटोवरून पैशासाठी दाबतोयस. मग दोन्ही जाईल.

पैशाचं सांगते. बारा शनिवार म्हणजे तीस हजार. आत्तापर्यंत तू बिल दिलंयस का? नुसतं 'भाई, पेमेंटचं बघ ना' असं विचारत असशील तर बिल नाहीच असं समज. तारीखवार बारा ओळींचं बिल कर, मेलने पाठव, पंधरा दिवसांची मुदत दे. तेराव्या शनिवारी जाऊ नकोस. 'मागचं क्लिअर झालं की येतो', इतकंच सांग. जागा जाईल अशी भीती वाटते, मला माहीत आहे. पण जी जागा पैसेच देत नाही ती आत्ता तरी कुठे आहे?

आणि उद्यम नोंदणी कर, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ऑनलाइन, फुकट, अर्ध्या तासाचं काम. मागच्या थकबाकीला तिचा उपयोग धरू नकोस, पण पुढच्या बिलांना होतो. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. शिवाय आता उशीर केला तर प्राप्तिकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत दाखवता येत नाही. मॅनेजरला हे ठाऊक नसेल, क्लबच्या सीएला पक्कं ठाऊक असतं. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की बिल त्याच्या टेबलावर वरच्या बाजूला जातं. नवीन जागी मात्र रात्रीचे पैसे रात्रीच घे. स्टोरीसाठी आठ-दहा फोटो फ्लोअरवरूनच द्यायचे, बाकीचे पैसे आल्यावर.

फोटोबद्दल आणखी थोडं, कारण तुझं वर्णन वाचून मला तो दिसला. दिव्यांच्या रेषा म्हणजे शटर सेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागापर्यंत खाली आणलेलं, फ्लॅश शेवटच्या क्षणी, आणि मनगट जरा फिरवलेलं. वरचं छत काळं, तिथे फ्लॅश मारून काही परत येत नाही, म्हणजे सरळच मारला असणार. धुराच्या मशीनसमोर हे सगळ्यांना जमत नाही. तुझा हात चांगला आहे. म्हणूनच सांगते, 'डोळे मिटलेले' हा शब्द पुन्हा वाच. जिचे डोळे मिटलेले आहेत तिला कॅमेरा दिसलेला नाही.

असे फोटो काढूच नकोस असं मी म्हणणार नाही. मग या कामात राहतं काय? दात दाखवून ग्लास उंचावलेली टोळकी? काढ, पण काढल्यावर तिचं लक्ष जाईपर्यंत थांब आणि स्क्रीन दाखव. त्या आवाजात बोलता येत नाही, भुवई उंचावली तरी प्रश्न कळतो. मान डोलली तर ठीक. हात हलला तर लगेच पुढची फ्रेम स्वतःच्या तळहाताची काढ. पहाटे चारला सहाशे फोटो चाळताना कोण काय म्हणालं हे आठवत नाही, तळहात दिसला की त्याच्या आधीचा फोटो बाजूला. ही युक्ती तमाशाच्या फडावर फोटो काढणाऱ्या एका जुन्या माणसाने मला शिकवली. तो म्हणायचा, रंगमंचावरचा फोटो माझा, रावटीतला त्यांचा.

मालीतल्या बामाकोचा एक फोटोग्राफर होता, मलिक सिदिबे. १९६० च्या दशकात तिथली तरुण पोरं शनिवारी रात्री पार्ट्या करायची, हा एका रात्रीत या पार्टीतून त्या पार्टीत जायचा, पहाटे स्टुडिओत येऊन रोल धुवायचा. मग छोटे छोटे प्रिंट स्टुडिओबाहेर लावायचा. पोरं यायची, आपापले फोटो शोधायची, हवे ते मागवायची. पुढे २००७ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्याला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला, जगभर त्याचे नाचणारे लोक भिंतींवर लागले. पण आधी ते फोटो नाचणाऱ्यांनी बघितले होते. तुझ्याकडे तर फोन आहे. रविवारी दुपारी क्लबला फाइल्स द्यायच्या आधी, ज्यांचे चेहरे जवळून आलेत त्यांना पाठव. शनिवारी रात्री दहा-पंधरा जण स्वतःहून तुझं हँडल विचारतातच की.

आता वेडिंग. जायचं तर जा, पैसे बरे आहेत. पण तिकडे हे प्रश्न नाहीत म्हणून जात असशील तर जाऊ नकोस. संगीतच्या रात्री गच्चीवर पिणारे काका, रडून मेकअप गेलेली करवली, मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांवर ढकललेलं उरलेलं पेमेंट, हे सगळं तिथेही आहे. आणि तिथे पाहुण्यांत सासू असते. मला पत्रावरून वाटतं तुला रात्र आवडते. ते तू लिहिलेलं नाहीस, पण दिव्यांबद्दल दोन ओळी लिहिल्यास आणि लग्नाबद्दल एकही नाही.

हे काम करायचं असेल तर कान सांभाळ. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. तू डीजेच्या कन्सोलच्या बाजूला पाच-पाच तास उभा असतोस. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, चहाच्या पैशात. मी वापरले नाहीत, म्हणून आता नातवाला सगळं दोनदा बोलावं लागतं. लेसर सरळ लेन्समध्ये येऊ देऊ नकोस, सेन्सर जळतो आणि तो खर्च कुठलाच क्लब देत नाही. नवीन जागी गेलास की पहिल्यांदा मागची दारं बघून ठेव, उघडतात का तेही बघ. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ माणसं गेली. आणि दीडला बंद झाल्यावर एडिट करत तिथेच बसायचं नाही, पण झापड येत असेल तर गाडीही काढायची नाही.

आईचं शेवटी ठेवलं, कारण मला त्यात फार अवघड काही दिसत नाही. तुला दिसतंय, ते मला कळतं. 'पब' म्हटलं की बार्शीत काय डोळ्यांसमोर येतं, हे मला माहीत आहे. पण रात्री काम करणारी माणसं तुझ्या आईला नवीन नाहीत. रातराणीचा ड्रायव्हर, दवाखान्यातल्या सिस्टर, रात्रभर जागरण-गोंधळ घालणारे. तिला खटकेल ते तू दोन वर्षं खोटं बोललास ते. फोनवर सांगू नकोस. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा पंधरा-वीस फोटो प्रिंट करून घेऊन जा, मोबाइलवर दाखवू नकोस. डीजेचे हात, बारवाल्याने हवेत उडवलेली बाटली, दीड वाजता खुर्च्या उलट्या ठेवणारा पोरगा. आणि पहिल्याच वाक्यात 'पब' म्हण. 'तसं हॉटेलच असतं' वगैरे करू नकोस, आयांना ते लगेच कळतं. ती विचारेल, तू पितोस का? जे खरं असेल ते सांग. मग ती विचारेल, पैसे वेळेवर देतात का? तिथे तुझी पंचाईत आहे, म्हणून बिलाचं काम आधी उरक.

एक राहिलं. क्लबने फोटो पेजवरून काढला की त्या मुलीला तसं कळव, आणि एकदाच विचार, मूळ फोटो तिला हवा आहे का. नको म्हणाली किंवा काहीच बोलली नाही तर पुन्हा विचारू नकोस. हवा म्हणाली तर मोठी फाइल पाठव, कोपऱ्यात तुझं नाव न टाकता. आणि 'किती द्यायचे?' असं विचारेल, तर काही घेऊ नकोस.

– ताई